उंची मोजण्याआधी पाय बघा
बास्केटबॉल : शाळेच्या मैदानापासून व्यावसायिक संघापर्यंत, वाचकांचे प्रश्न

मुलांच्या बास्केटबॉलविषयी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, वय 11. स्टेफन करीचा वेडा चाहता. माझी उंची 168 सेंटिमीटर, पत्नीची 157. एवढ्या उंचीच्या घरातला मुलगा या खेळात पुढे जाईल का? रोज सराव करून घ्यावा का? घरी 7 नंबरचा बॉल आणला आहे.
— एक वडील, कोथरूड

उत्तर : आधी उंचीचा हिशोब संपवून टाकू. मुलाच्या बाबतीत आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात 13 मिळवायचे आणि दोनने भागायचं. मुलगी असेल तर 13 वजा करायचे. तुमच्याकडे 169 येतात. हा फक्त अंदाज आहे, आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. बारला लटकून किंवा दोरीवरच्या उड्या मारून हा आकडा बदलत नाही. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला स्टेफन करी 188 सेंटिमीटर आहे. मगसी बोग्ज 160 सेंटिमीटरचा होता आणि एनबीएत 14 मोसम खेळला. पण असा खेळाडू क्वचितच घडतो हेही मुलाला सांगा. कमी उंचीच्या खेळाडूला गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल खेळवणारा, व्हावं लागतं, आणि गार्डचं सगळं भांडवल पायांत आणि नजरेत असतं. ते 10 ते 16 या वयात तयार होतं. आज त्याची उंची भिंतीवर पेन्सिलीने मोजण्यापेक्षा तो थांबतो कसा आणि वळतो कसा, हे बघा.

7 नंबरचा बॉल कपाटात ठेवून द्या. त्याचं वजन 600 ग्रॅमच्या आसपास असतं. 5 नंबरचा 500 ग्रॅमच्या आत असतो. अकरा वर्षांच्या मुलाला जड बॉल दहा फुटांवरच्या, म्हणजे 3.05 मीटरच्या रिंगपर्यंत पोचवायचा असेल, तर तो कमरेपासून झोका घेतो, कोपर बाहेर काढतो आणि बॉल ढकलतो. बॉल कधीतरी आत जातो, सगळे टाळ्या वाजवतात आणि चुकीची सवय पक्की होते. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर असते ती याचसाठी. सोसायटीतली रिंग खाली घेता येत नसेल, तर भिंतीवर 2.60 मीटर उंचीवर खडूने गोल काढा, तो पुरतो. बारा-तेरापर्यंत 5 नंबर, मग 6 आणि चौदाच्या सुमाराला 7, असं बेताबेताने जा.

तुमच्या मुलाच्या आवडत्या खेळाडूचंच उदाहरण घ्या. करीसुद्धा लहानपणी बॉल छातीच्या खालून सोडायचा. हायस्कूलमध्ये असताना त्याच्या वडिलांनी, म्हणजे डेल करी यांनी, एका उन्हाळ्यात त्याचा शॉट पूर्ण मोडला आणि बॉल डोक्याच्या वरून सोडायला शिकवला. ते स्वतः एनबीए खेळलेले होते. तरी तो उन्हाळा मुलाला फार जड गेला, कारण कित्येक आठवडे जवळचे शॉटही पडेनात. मोडून पुन्हा बांधता येतं, पण अकराव्या वर्षी योग्य बॉल हातात दिला तर ती वेळच येत नाही.

रोज सराव नको. आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी तास-सव्वा तास पुरे. मुलाचं जितकं वय, तितक्याच तासांपर्यंत आठवड्याचा एकूण शिस्तबद्ध सराव ठेवा. शाळेचे तास आणि उन्हाळी शिबिर त्यातच धरा. उरलेल्या दिवशी लंगडी आणि खो-खो खेळू द्या. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. खो-खोत खांबाजवळचं वळण आणि लंगडीतला एका पायावरचा तोल हा बास्केटबॉलच्या डिफेन्सचाच पाया आहे, आणि आपल्याकडे तो फुकट मिळतो.

त्या तासाभरात काय करायचं? दहा मिनिटं पळणं आणि अंग मोकळं करणं. पंधरा मिनिटं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं. त्यातली निम्मी डाव्या हाताने आणि नजर वर ठेवून (समोर कोणीतरी बोटं दाखवायची, मुलाने किती ते ओरडून सांगायचं). पंधरा मिनिटं थांबणं आणि पिव्होट (एक पाय जागेवर रोवून वळणं). दहा मिनिटं दोन्ही हातांनी लेअप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला शॉट). शेवटची पंधरा मिनिटं तीन विरुद्ध तीन सामना, आणि तो कधीही गाळायचा नाही.

थांबणं म्हणजे जम्प स्टॉप. दोन्ही पाय एकदम जमिनीवर यायला हवेत. डोळे मिटून ऐका : एकच ‘थप’ ऐकू आली तर बरोबर, ‘थप-थप’ आली तर पाय मागेपुढे पडले. एकदम उतरला तर कोणताही पाय पिव्होट करता येतो. मागेपुढे पडले तर आधी टेकलेलाच पाय पिव्होट राहतो आणि दुसरा वापरला की पंच जादा पावलांसाठी शिट्टी मारतात. उतरताना गुडघे वाकलेले, टाचा जेमतेम टेकलेल्या, बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. असे 20 थांबे उजवीकडून, 20 डावीकडून. कंटाळवाणं आहे, पण पुढे व्यावसायिक सामन्यात बचावपटू अंगावर आलेला असताना बॉल हातात राहतो तो यामुळेच.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. रिंग दोन, मुलं तीस. मोठ्या गटातली मुलं रोज दोन-दोनशे शॉट मारतात, तरी सामन्यात पडत नाहीत. कुठे चुकतंय?
— हडपसर

उत्तर : ‘मारले किती’ हे मोजणं थांबवा. ‘पडले किती’ ते मोजा, तेही ठिकाणानुसार.

पहिलं कारण बहुधा उंची. मुलाची नव्हे, शॉटची. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर आणि बॉलचा साधारण 24. बॉल सरळ वरून आला तर त्याला 45 सेंटिमीटरचं भोक दिसतं. 45 अंशांच्या कोनात आला तर तेच भोक 32 सेंटिमीटरचं होतं. आणि 30 अंशांत, म्हणजे मुलं चपटा फेकतात तसा आला, तर उरतात साडेबावीस. बॉलच त्याहून मोठा! असा बॉल रिंगच्या पुढच्या कडेला घासल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. मुलांना हे गणित फळ्यावर काढून दाखवा. दहावीतल्या मुलाला ते कळतं, आणि कळलं की तो स्वतःहून बॉल वर टाकतो.

मग शॉट कोणत्या बाजूला चुकतो ते बघा. बॉल सतत आखूड पडतोय म्हणजे पाय दमलेत किंवा गुडघ्यांतून जोर येत नाही. डावी-उजवीकडे जातोय म्हणजे कोपर रिंगच्या रेषेत नाही, किंवा आधाराच्या हाताचा अंगठा सुटताना बॉलला ढकलतोय. बॉल बोटांच्या पेरांवर हवा; तळवा आणि बॉल यांच्यात एक बोट सरकवता आलं पाहिजे. मोबाइल बाजूला तीन-चार मीटरवर ठेवून दहा शॉट चित्रित करा. हळू गतीत पाहिलं की मुलालाच चूक दिसते, तुम्हाला बोलावं लागत नाही.

दोन रिंगांवर तीस मुलांची सोय अशी लावता येते : एका रिंगवर सहा जण, दोघादोघांच्या तीन जोड्या, एक शॉट मारणारा आणि एक रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल, घेऊन पास देणारा. असे बारा जण झाले. उरलेले अठरा भिंतीकडे. जमिनीपासून तीन मीटरवर रेघ, दीड मीटरवर मुलगा, एका हाताने बॉल रेघेच्या वर. आठ मिनिटांनी गट बदलायचे. भिंतीवर रिंग नसल्यामुळे ‘पडला की नाही’ ही चिंता सुटते आणि मनगटाकडे लक्ष जातं.

रिंगपाशी सुरुवात दीड मीटरवरून. पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच पडेपर्यंत. दहा प्रयत्नांत सात पडायला लागले की एक पाऊल मागे. आपल्याकडे मुलं मैदानात आली की पहिला शॉट थ्री-पॉइंट रेषेबाहेरून, म्हणजे 6.75 मीटरवरून मारतात. त्यांना तिथून परत आणणं हे क्रीडाशिक्षकाचं मोठंच काम आहे. आणि फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, सराव संपल्यावर निवांत उभं राहून नकोत. मैदानाच्या दोन धावा, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा धावा. असे पाच वेळा. सामन्यात फ्री थ्रो धापा टाकतानाच मारायचे असतात. दोनशे शॉट मारूनही मुलं चुकतात याचं हे दुसरं आणि खरं कारण : सरावात कोणी अंगावर येत नाही, दम लागत नाही, निर्णय घ्यायचा नसतो. शेवटचे चाळीस शॉट तरी समोर हात वर करून धावत येणारा जोडीदार ठेवून मारा.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची आहे, वर्षभरात झपाट्याने वाढली. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, उडी मारली की दुखतं. शेजारी सांगतात, खेळ बंद करा.
— एक आई, सांगवी

उत्तर : बंद करायची घाई नको, पण दुर्लक्षही नको. डॉक्टरांना एकदा दाखवाच. वर्णनावरून हा ऑसगूड-श्लॅटरचा त्रास असावा. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जिथे जोडला जातो, तिथलं हाड या वयात अजून कच्चं असतं. हाड भराभर लांब होतं, स्नायू मागे पडतो, ताणला जातो आणि प्रत्येक उडीला त्या कच्च्या जागेवर ओढ बसते. मुलींची वाढ साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने होते, म्हणून हे दुखणं त्याच सुमाराला येतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. टेंगूळ राहू शकतं, त्याने काही बिघडत नाही.

तोवर उड्या मोजून द्या. लेअप आणि रिबाउंडचा सराव निम्मा करा. ड्रिबल, पास, जागेवरचे शॉट चालू राहू द्या. खेळून आल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जाणवलं, तर आदला सराव जास्त झाला असं समजा. गुडघा सुजला, रात्री झोपेतून उठवू लागला, अडकू लागला किंवा ती लंगडू लागली, तर मात्र थांबायचंच.

याच निमित्ताने तिला उतरायला शिकवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो, एवढंच. 30 सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली उतरवा आणि समोरून बघा. गुडघे एकमेकांकडे जात असतील तर ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला सांगा. स्क्वॉट, एका पायावर तोल, बाजूला चालणं, आणि हळू उतरण्याच्या उड्या : आठवड्यातून तीन वेळा पंधरा मिनिटं, सरावाच्या आधी. पाळी सुरू झाली असेल आणि ती लवकर दमत असेल, तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘हिच्यात दमच नाही’ असं ऐकून घेणाऱ्या कितीतरी मुलींना नुसतं लोह कमी असतं.

प्रश्न : अकरावीत आहे, शाळेकडून विभागापर्यंत खेळलो. पुढचा मार्ग कोणता? बास्केटबॉलवर पोट भरतं का?
— एक विद्यार्थी, डेक्कन

उत्तर : दोन जिने शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही चढावे लागतात. एक शाळेचा : जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या 14, 17 आणि 19 वर्षांखालील स्पर्धा, तिथून विभाग, राज्य, राष्ट्रीय शालेय. दुसरा संघटनेचा : जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्य संघ, मग भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या सब-ज्युनियर, यूथ (16 खाली), ज्युनियर (18 खाली) आणि सीनियर राष्ट्रीय स्पर्धा. पुण्यातली बरीच चांगली मुलं शाळेच्याच जिन्यावर थांबतात, कारण जिल्हा संघाची चाचणी कधी झाली हे त्यांना कळतच नाही. एखाद्या क्लबात नाव घाला, म्हणजे ही बातमी वेळेवर मिळते. पुढे विद्यापीठ : आंतरमहाविद्यालयीन, पश्चिम विभाग, अखिल भारतीय. खेलो इंडियात निवड झाली तर प्रशिक्षणाचा खर्च आणि महिना 10,000 रुपये हातखर्च मिळतो.

चाचणीत निवडणारे काय बघतात? वीस मिनिटांच्या सामन्यात तुमच्याकडे बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ डिफेन्सला परत धावता का, रिबाउंडसाठी पाठीने अडवता का, चूक झाल्यावर डोकं खाली घालता का, यावर नाव लिहिलं जातं. वीस गुण करून परत न धावणारा मुलगा बाहेर राहतो आणि त्याच्या घरच्यांना वाटतं वशिला लागला.

पोट भरण्याचं स्पष्ट सांगतो. भारतात व्यावसायिक लीग अजून पक्क्या पायावर उभ्या नाहीत. 2015 ते 2017 या काळात यूबीए लीग झाली, तीत ‘पुणे पेशवाज’ हा संघही होता, ती थांबली. 2022 पासून इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली. लीगचे पैसे काही आठवड्यांचे. घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, आयकर, इंडियन ओव्हरसीज बँक, राज्य पोलीस हे इथले खरे ‘क्लब’ आहेत. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वय 18 ते 25 लागतं, म्हणजे 19 ते 23 ही वर्षं सोन्यासारखी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. या सगळ्याला कागद लागतात : प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, जन्मदाखला, शाळेचा दाखला. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. एका अक्षराच्या फरकाने पडताळणी अडकते. आजच एका फायलीत लावून ठेवा. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांचा प्रस्तावही याच कागदांवर शाळेमार्फत जातो.

तीन विरुद्ध तीनचा प्रकार, म्हणजे थ्री-एक्स-थ्री, दुर्लक्षू नका. चार खेळाडूंचा संघ, एकच रिंग, 12 सेकंदांत शॉट, 10 मिनिटं किंवा 21 गुण. आशियाई आणि ऑलिंपिक स्पर्धांत तो आहे, आणि दोन्ही बाजू खेळू शकणाऱ्या मध्यम उंचीच्या खेळाडूला त्यात जागा मिळते. मुलींनी तर नक्की बघावा. 2017 साली बेंगळुरूत भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या ब विभागाचं विजेतेपद जिंकलं, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुण्यातून राष्ट्रीय संघापर्यंतची वाट चाललेली आहे.

प्रश्न : नातू 15 वर्षांचा, 190 सेंटिमीटर. एकजण म्हणतो, सहा लाख द्या, अमेरिकेत कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून देतो, तिथून एनबीए. विश्वास ठेवावा का?
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, पैसे देऊ नका. शिष्यवृत्तीची हमी बाहेरचा कुणीच देऊ शकत नाही. ती फक्त त्या कॉलेजचा प्रशिक्षक देतो, लेखी.

वाट मात्र खरी आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या अकादमीतून 2010 साली फ्लोरिडाला गेला आणि 2015 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. पुढे तो एनबीएच्या खालच्या लीगमध्ये (आताची जी-लीग) खेळला, मुख्य सामन्यात उतरला नाही. 2017 मध्ये दिल्लीजवळ एनबीए अकादमी सुरू झाली. तिथला प्रिन्सपालसिंग जी-लीगच्या संघापर्यंत पोचला, अमान संधू अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीत. भारतात घडलेला खेळाडू एनबीएचा नियमित सामना आजवर खेळलेला नाही. तीस संघ, प्रत्येकी 15 करार आणि वर तीन दुहेरी (एनबीए आणि जी-लीग दोन्हींसाठीचे) करार, एवढ्याच जागा, आणि त्या सगळ्या जगासाठी.

तरीही निवडीचा क्रमांक म्हणजे सगळं नव्हे. यानिस आंटेटोकूंपो ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून 2013 मध्ये 15 वा निवडला गेला, निकोला योकिच 2014 मध्ये 41 वा. योकिच उडीत फार उंच जात नाही, धावण्यातही वेगवान नाही. पास आणि पायांची जागा यांच्या जोरावर तो सर्वोत्तम ठरला. नातू उंच आहे म्हणून त्याला फक्त रिंगखाली उभं करू नका. 190 ही आपल्याकडे शाळेच्या संघात सेंटरची, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्याची उंची आहे, अमेरिकेत गार्डची. त्याला ड्रिबल आणि बाहेरचा शॉट आत्ताच शिकवा.

कॉलेजची तयारी नववीपासूनच्या गुणपत्रिकांवर होते. पहिल्या श्रेणीसाठी ठरावीक 16 विषय-अभ्यासक्रम आणि 4 पैकी किमान 2.3 गुणसरासरी लागते. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. दलाल नेमकी हीच गोष्ट लपवतात. दलालाशी किंवा व्यावसायिक संघाशी करार केला, तर कॉलेजसाठीची पात्रता धोक्यात येऊ शकते, म्हणून कशावरही सही नको. सलग दोन पूर्ण सामन्यांचं चित्रण आणि तीन-चार मिनिटांची निवडक चित्रफीत तयार ठेवा. प्रशिक्षक निवडक बघून थांबतात आणि पूर्ण सामना बघून ठरवतात.

प्रश्न : जिममधले दादा प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात. वय 16, वजन 55 किलो.
— पिंपरी

उत्तर : तुला दिवसाला 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतील. अर्धा लिटर दूध 16, तीन अंडी 18, एक मोठी वाटी मोड आलेल्या मटकीची उसळ 10 ते 12, मूठभर शेंगदाणे 7, जेवणातलं वरण, दही आणि भाकरी मिळून 25 च्या आसपास. अंडी खात नसशील तर 100 ग्रॅम पनीर. घरातच भरतं. डब्यांतल्या पावडरींत लेबलवर नसलेली द्रव्यं सापडतात, आणि बंदी खेळाडूवर येते, दुकानदारावर नाही. वरच्या उत्तरातल्या सतनामसिंग भामराच्या चाचणीत हायजेनामाइन आढळल्यामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी झाली. हे द्रव्य काही पूरक आहारांत असतं.

प्रश्न : मुलगा चौदाचा. यंदा शाळेच्या ‘अ’ संघातून ‘ब’ संघात टाकला. रडतोय. शाळा बदलावी का?
— एक पालक, सहकारनगर

उत्तर : आधी मिनिटं मोजा. ‘अ’ संघात बाकावर बसून तीन मिनिटं आणि ‘ब’ संघात तीस मिनिटं यांत चौदाव्या वर्षी तीस मिनिटंच घ्यावीत. मायकेल जॉर्डनला शाळेने काढून टाकलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. खरं एवढंच, की पंधराव्या वर्षी त्याला वरिष्ठ संघाऐवजी कनिष्ठ संघात ठेवलं. तिथे तो सामनाभर खेळला, बॉल त्याच्याच हातात राहिला, आणि त्याच काळात त्याची उंचीही वाढली.

सरांना भेटा, पण जागेसाठी भांडायला नको. मुलालाच बोलू द्या आणि तुम्ही दारापाशी थांबा. त्याने एवढंच विचारावं : माझं कोणतं एक काम कमी पडतं, ते सुधारलं की तुम्हाला कसं दिसेल, आणि पुन्हा कधी बघाल? उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवायचं आणि सहा आठवड्यांनी ती वही घेऊन परत जायचं. त्या भेटीतही सरांकडून नेमकं काहीच मिळालं नाही, तर मग क्लब बदलण्याचा विचार करा, शाळा नको.